पत्र्याचा नवरा

आमच्या घरात कुणी दातांचा डॉक्टर नाही, पण दात आहे. अडीच फूट उंच, दोन मुळांचा, वर गुलाबी हिरडी असलेला पत्र्याचा दात. तो दिवाणखान्यात टीव्हीच्या डोक्यावर टांगलेला आहे. त्याच्या शेजारी वस्तरा परजणारा न्हावी, त्याच्या शेजारी रसवंतीवरचा बैल, आणि दाराशी, येणाऱ्याच्या नेमका कपाळाला लागेल अशा उंचीवर, एका बँडवाल्याचा कर्णा. नाशकात गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत लोक संगमरवर बसवत होते, झुंबरं लावत होते, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे पत्रा चढत होता.

चढवणारे आमचे हे, गंगाधरराव. अंबडला एका कारखान्यात खरेदी विभागाचे मॅनेजर. आठवड्यातले सहा दिवस कारखान्यासाठी पत्रा घ्यायचा आणि सातव्या दिवशी स्वतःसाठी. मी शाळेत गणित शिकवते. सहा अधिक एक सात, म्हणजे आमच्या आयुष्यात पत्र्याशिवाय एकही वार उरला नाही, हे मी त्यांना वेळोवेळी करून दाखवलं आहे.

हे खूळ पंचाण्णव साली घोटीच्या बाजारात सुरू झालं. एका सायकलवाल्याच्या टपरीवर पत्र्यातून कापलेला एक माणूस होता, हातात पंप घेतलेला, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. कुणी रंगवला म्हणून विचारलं तर सायकलवाला म्हणाला, "मीच. पेंटर परवडत नव्हता." गंगाधररावांना तिथे साक्षात्कार झाला. कुठल्याही शाळेत न शिकलेला माणूस, कुणाचं मार्गदर्शन नाही, आणि तरी हा आविष्कार! शाळेत न गेलेल्यांचं हे कौतुक ते घोटीपासून नाशिकपर्यंत करत होते, आणि शेजारच्या सीटवर शाळेत शिकवून घर चालवायला हातभार लावणारी बाई बसली होती.

पुढे नाशकात फ्लेक्सचे छापील बोर्ड आले आणि ह्यांची चंगळ झाली. दुकानदार जुना पत्रा काढून फेकायच्या बेतात असायचे. हे जाऊन म्हणायचे, मला द्या, तुम्हाला नवा फ्लेक्स करून देतो. दुकानदार दोन्ही हातांनी द्यायचे, आणि पाठ वळली की एकमेकांकडे बघून हसायचे. मी गाडीत बसून ते पाहिलेलं आहे. घरी आल्यावर ह्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "आणखी एक वाचवला." बुडणाऱ्याला काठावर आणल्यासारखा चेहरा करून ते ओला पंचा कमरेला लावायचे आणि पत्रा पुसायला बसायचे.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगायला बसले नसते. पण दोन हजार साली विहंग नावाचा एक तरुण मुंबईहून आला. कला शिकलेला, प्रदर्शनं भरवणारा, मुद्दाम उसवल्यासारखा दिसणारा महाग कुर्ता घालणारा. मला पहिल्या मिनिटाला त्यानं 'काकू' केलं आणि ह्यांना 'सर'. दातासमोर तो पाच मिनिटं गप्प उभा राहिला. मग नखानं हिरडीचा एक पोपडा उचलून म्हणाला, "सर, ही हिरडी नंतर रंगवलीय. खाली मूळ थर आहे."

मूळ थर. हे दोन शब्द आमच्या घरात पाहुण्यासारखे आले आणि परत गेलेच नाहीत. विहंगचं म्हणणं असं की, दुकानदार दर दोन-चार वर्षांनी पत्र्यावर रंग मारतात, त्यामुळे कलाकाराचा पहिला हात झाकला जातो. वरचा रंग म्हणजे घाण. ती हलक्या हातानं काढली की खाली अस्सल कला. कापसाची काडी थिनरमध्ये बुडवून कसं पुसायचं ते त्यानं दाखवलं आणि तो मुंबईला निघून गेला. थिनरला आमच्याकडे काय तोटा? ह्यांच्या हाताखालून पिंपंच्या पिंपं जात होती. बाल्कनीतली माझी तुळस आणि कढीपत्ता खाली सोसायटीच्या बागेत गेले, आणि तिथे दोन स्टुलं, एक दिवा आणि जुन्या बनियनांचा ढीग आला. हे पुसत बसायचे. न्हाव्याची मिशी गेली, खालून दुसरी मिशी निघाली. सायकलवाल्याचा मोठा डोळा पुसला तर खालचा त्याहून मोठा निघाला. ह्यांना अपार आनंद व्हायचा. मला भजी तळली तरी थिनरचा वास यायचा.

आता मंगलाबाई.

दोन हजार एकचा नोव्हेंबर. घोटीहून वैतरणेकडे जाणाऱ्या रस्त्यानं आम्ही मारुतीतून चाललो होतो. कुठेशी एका पिठाच्या गिरणीवर पत्र्याची बाई आहे अशी ह्यांना खबर होती. वाट चुकलो. डाव्या हाताला पिकलेलं भात आणि बांधावर निळा सदरा घातलेला एक माणूस उभा. हे खाली उतरले आणि त्याला विचारू लागले, करवंदवाडी कुठे राहिली? उत्तर नाही. हे पुन्हा, जरा चढ्या आवाजात. उत्तर नाही. "बघितलंस?" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "साधं बोलायची रीत राहिली नाही खेड्यात." एवढ्यात त्या माणसाच्या खांद्यावर एक पोपट येऊन बसला.

तो माणूस पत्र्याचा होता. मी गाडीत पोट धरून हसले. सहा वर्षं पत्रा जमवणाऱ्या जाणकारानं पत्र्यालाच रस्ता विचारला होता आणि वर त्याला उद्धट ठरवलं होतं. पण ह्यांना हसू येत नव्हतं. ते चिखलात बुटासकट उतरून त्याच्यापर्यंत पोचले होते आणि त्याच्याभोवती फिरत होते.

मान्य करते, माणूस सुरेख होता. पुरुषभर उंच. गोडेतेलाचे डबे फोडून, सपाट करून, कडा एकमेकींत दुमडून केलेला. पाठीवर अजून कंपनीचं सूर्यफूल दिसत होतं. पुढून मात्र जिता माणूस. वय चाळिशी ओलांडलेलं. कानाजवळ पिकलेले केस, डोळ्यांखाली रेघा, थोडं सुटलेलं पोट, नाकावर चष्मा. एक हात कमरेवर, दुसऱ्यात काठी. चेहऱ्यावर असा भाव की आता कुणालातरी दोन शब्द ऐकवणार आहे, पण फार मनाला लावून घेऊ नका.

ह्यांचं फिरणं बघून वरच्या घरातून एक बाई खाली आली. तीच मंगलाबाई. चाळिशीची, काटक, हातात विळा. हे लगेच मुद्द्यावर आले. कुणी केला? "म्याच." शिकलात कुठे? तिला प्रश्न कळला नाही. विकाल का? तो कळला.

"कापनी व्हायचीय," ती म्हणाली. "मालक शेतात नको?"

म्हणजे बुजगावणं, हे म्हणाले. ती म्हणाली, बुजगावण्याला डुक्कर भीत नाही, दोन दिवसांत ओळखतं, मालकाला भितं. एवढं बोलून ती विळा घेऊन परत वर गेली. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट.

मार्चमध्ये पुन्हा गेलो. तोवर विहंगचं नाशकात प्रदर्शन ठरलं होतं, मे महिन्यात, आमच्याच रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये, आणि पत्र्याच्या माणसाशिवाय ते होणं ह्यांना अशक्य वाटत होतं. ह्या वेळी बोलायचं काम माझ्यावर होतं. बायकांचं बायकांशी जमतं, असं ह्यांचं मत. माणूस आता घरात होता, मेढीला, म्हणजे घराच्या लाकडी खांबाला, टेकवलेला, अंगाला तेलाचा हात दिलेला. सुगी झाली की ती त्याला तेल चोळून आत ठेवायची, गंजू नये म्हणून. मंगलाबाईनं कोरा चहा दिला आणि मी विचारलं म्हणून सांगितलं. नवरा अठ्ठ्याऐंशी साली पोळा झाल्यावर अंबडला कामाला जातो म्हणून गेला. चौदा वर्षं होत आली. परत आला नाही, निरोप नाही, मेल्याची बातमीही नाही. फोटो एकसुद्धा नव्हता. पुढच्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगात तिनं डबे फोडून हा केला.

"आन मंग दरसाल पोळ्याला रंग उरला की ह्याचं बघते," ती म्हणाली. "मानूस काय एका जागी ऱ्हातो व्हय? पाच सालामागं कानाशी पांढरं आलं. पोरीच्या लग्नात लय धावपळ झाली, तवापासून गुडघं धरलं, म्हून काठी दिली. मागल्या साली चष्मा लागला."

हे सगळं तिनं शेजारच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी सहज म्हणाले, आमचे साहेब अंबडलाच असतात, चौकशी करायला सांगू का? तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "आता काय करायचा त्यो?"

मला वाटलं, मानी बाई आहे. गणिताच्या बाईला उत्तर समोर मांडून दिलं होतं आणि मी ते पाहिलं नाही.

विकायला ती तयार झालीच नाही. मी म्हटलं, विकू नका, दोन महिने द्या. लोक बघतील, तुमचं नाव लिहू. नावाचं तिला काही वाटलं नाही. पण मी तिच्या घरात खाली बसून तिचा चहा प्याले होते, आणि पाहुण्या बाईला सरळ नाही म्हणणं तिला जमेना. शेवटी म्हणाली, "पोळ्याच्या आधी आना. मला त्याचं नवं वरीस घालायचं आसतं. तुमी सवता आनायचा, सायबानं नाय." मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. माझा शब्द वर्गात चाळीस पोरं पाळतात, मला त्याचा फार अभिमान होता.

प्रदर्शन झालं. दात, न्हावी आणि बैल यांच्या मधोमध पत्र्याचा माणूस उभा होता आणि त्याच्या पायाशी कार्ड: 'चंदर. विरहाची लोककला.' चंदर हे नाव ह्यांनी घोटीच्या चहावाल्याकडून काढलं होतं. मंगलाबाईनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं. लोक आले. गंगापूर रोडवरच्या बायका त्याच्या चष्म्याकडे बोट दाखवून 'किती गोड' म्हणाल्या. विहंगनं इंग्रजीत भाषण केलं. एका बांधकामवाल्यानं विचारलं, असे सहा मिळतील का, क्लब हाउससाठी. मंगलाबाईला बोलावलं होतं का? बोलावलं होतं, हे म्हणाले; म्हणजे घोटीच्या त्याच चहावाल्याकडे पत्रिका ठेवली होती.

जून गेला. जुलै गेला. मी म्हणायचे, पोचवून येऊ. हे म्हणायचे, पाऊस आहे, पत्रा भिजेल. शेतात चार महिने उभा राहणारा माणूस गाडीत भिजला असता. मीही शाळेच्या चाचण्यांत अडकले होते. सगळं ह्यांच्यावर ढकलणार नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस शाळेतून चार वाजता घरी आले तर जिन्यातच थिनरचा वास. हे रजा घेऊन घरी होते. बाल्कनीत दोन स्टुलांवर माणूस आडवा झोपवलेला, आणि हे त्याच्या चेहऱ्यावर वाकलेले.

"थांब," ते म्हणाले, "आत्ता बोलू नकोस. शेवटचा थर आहे."

मी बोलले. बरंच बोलले. दुसऱ्याची वस्तू, विश्वासानं दिलेली, विचारल्याशिवाय. त्यांनी शांतपणे कापसाची काडी खाली ठेवली. "तुला कळत नाही," ते म्हणाले. "मी तिच्यासाठीच करतोय. ती दर वर्षी वरून रंग देत गेली आणि खालचा खरा माणूस बुजून गेला. तिच्याकडे फोटो नाही. हा पहिला थर म्हणजे तिच्या नवऱ्याचा एकमेव पुरावा आहे. मी तो वाचवला."

काम मात्र निगुतीनं केलेलं होतं, हे सांगायला हवं. तिनं दर सुगीनंतर तेल चोळलं होतं ना, त्यामुळे प्रत्येक वर्षाचा रंग खालच्या वर्षापासून सुटा सुटा निघत होता. पहिल्यांदा चष्मा गेला. मग काठी. मग कानाजवळचे पांढरे केस, पोट, डोळ्यांखालच्या रेघा. मधे कुठल्या तरी वर्षी त्याला कपाळावर खोक पडलेली होती, तीही गेली. आणि खाली राहिला अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. काळेभोर केस, बारीक मिशी, निळा सदरा, कमरेवर हात. नजर तुमच्याकडे नाही, तुमच्या मागे रस्त्याकडे.

आणि आता माझं सांगते, कारण ह्यांना नावं ठेवणं मला सोपं जातं. मी त्या पोराकडे पाहिलं आणि माझा राग उतरला. वाटलं, चौदा वर्षांनी त्या बाईला नवरा दिसेल. ती रडेल, मी तिला धरेन. ह्यांच्या हातून आयुष्यात एक काम बरं झालं, असं मी मनात म्हणाले. तोंडानं नाही म्हणाले, तेवढी मी सावध असते. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडीची घंटा वाजली तेव्हा मी बाल्कनी आवरली आणि कचरा खाली नेऊन दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी एकटीच निघाले. शब्द तसाच होता. एस.टी.मध्ये चादरीत गुंडाळलेला माणूस मी खिडकीशी उभा केला, तर कंडक्टरनं विचारलं, "काय आहे बाई?" मी म्हटलं, "नवरा." "तुमचा?" "नाही, दुसरीचा. परत करायला चाललेय." पुढे घोटीपर्यंत त्यानं मला काहीही विचारलं नाही, तिकीटसुद्धा एकच फाडलं. घोटीहून जीप केली.

मंगलाबाईच्या अंगणात दिराचे बैल बांधलेले होते. त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झालं होतं. ओट्यावर रंगाच्या डब्या मांडलेल्या: लाल, निळी, आणि एक छोटी पांढरी. मला बघून ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"आलाव? मला वाटलं इसारलाव," ती म्हणाली आणि पांढरी डबी उचलून दाखवली. "औंदा मिशीत पांढरं घ्यायचं. माजंच बगा ना किती झालं."

मी माणसाला मेढीला टेकवून चादर सोडली. रुमाल मी आधीच काढून हातात ठेवला होता, तिला द्यायला.

ती बघत राहिली. मग मागे वळून दाराकडे पाहिलं, आणखी कुणी आणायचं राहिलंय का असं.

"ह्यो कोन?"

"तुमचेच मालक," मी म्हणाले. "नीट बघा ना. साहेबांनी वरचे रंग काढले. खाली पहिला चेहरा होता तो मोकळा केला. ते गेले तेव्हा असेच होते ना?"

ती दोन पावलं पुढे आली. त्याच्या मिशीवरून बोट फिरवलं.

"व्हय," ती म्हणाली. "आसाच व्हता." आणि बोट पदराला पुसलं. "ह्यो तर गेला. माजा कुठाय?"

मी पुन्हा तेच सांगायला लागले, थर, पहिला रंग, खरा चेहरा. ती ऐकून घेत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाई," ती म्हणाली, "ह्याला म्या रागात केला व्हता. तू गेलास ना, मंग ऱ्हा बांदावर हुबा, डुकरं हाकल. ह्याच्या तोंडाकडं बगायचं नाय मी. दुसऱ्या पोळ्याला डोळ्याखाली दोन रेगा वढल्या, तवा मला वाटलं, हा थांबला. तितून त्यो माजा. पोरीला ताप आला तवा त्यो व्हता. लग्नात व्हता. दीर बांद कोरायला आला तवा कपाळाला लागलं त्याच्या. धा-बारा साल संगं म्हातारं झालो आमी." तिनं त्या पोराकडे हनुवटीनं दाखवलं. "ह्याला काय म्हाईत त्यातलं?"

बैल घंटा हलवत होते. मी हातातला रुमाल पर्समध्ये ठेवला.

"पुन्हा रंगवता येईल," मी म्हणाले. शाळेत एखाद्याचं सगळं गणित चुकलं की आपण म्हणतो ना, पुन्हा सोडव, तसं.

"एका दिसात बारा सालं?" ती म्हणाली. मग विचारलं, "पुसला तवा रंग कशावर आला?"

"फडक्यावर. जुन्या बनियनवर."

"कुठाय त्ये?"

मी तिच्या तोंडाकडे पाहू शकले नाही. म्हटलं, साहेबांनी कुठे ठेवलं बघावं लागेल. हे मी खोटं बोलले.

"फडकं आनलं आसतं तरी चाललं आसतं," ती म्हणाली.

तिनं मला चहा दिला, रीत म्हणून. निघताना मी म्हटलं, हा इथे ठेवून जाते, तुमचाच आहे. तिनं चादर उचलली आणि स्वतःच्या हातानं त्याच्याभोवती गुंडाळली, गाठ मारली, डोक्याशी आणि पायाशी.

"न्या ह्याला," ती म्हणाली. "त्याला शेरातच जायचं व्हतं."

परतीच्या एस.टी.त तोच कंडक्टर. चादर बघून त्यानं तोंड फिरवलं.

घरी ह्यांनी दार उघडलं, माझ्या मागे चादर पाहिली आणि चेहरा उजळला. "दिला? कायमचा?" मी झालं ते सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "भावनिक आहे, साहजिक आहे." मग हातोडी शोधायला गेले. तेव्हापासून चंदर आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर उभा आहे, कमरेवर हात, नजर गंगापूर रोडकडे. खाली नवं कार्ड आहे, 'मूळ अवस्थेत'. पाहुणे आले की हे त्यांना मूळ अवस्था समजावून सांगतात आणि मी चहा ठेवायला आत जाते.

त्या नोव्हेंबरात आम्ही एकदा त्या रस्त्यानं गेलो. मंगलाबाईच्या बांधावर दोन काठ्यांना एक फाटका सदरा अडकवला होता आणि खालचं भात डुकरांनी उलथलं होतं. गंगाधररावांनी गाडी जरा हळू केली. "बघ," ते म्हणाले, "कला अशी मरते आपल्याकडे." मी काच वर केली. बोलले असते तर मारुती रस्त्यावर राहिली नसती.

पण त्यांना तरी किती बोलू? घंटागाडी अजून रोज सकाळी सातला येते. बादली घेऊन खाली उतरते तेव्हा मला दर खेपेला तो दिवस आठवतो. बनियन लाल होता, निळा होता, मधे मधे पांढरा. बारा पोळे त्यावर एकावर एक पुसलेले होते आणि तो अजून ओला होता. मी तो दोन बोटांत धरून, अंगापासून लांब, गाडीत टाकला, आणि वर गाडीवाल्याला म्हणाले, जरा खाली दाबून घ्या, फार वास येतो.